पाटावरचं कलम

हटवारांच्या घरात माल आधी पाटावर यायचा आणि मगच भिंतीवर जायचा. हा नेम मारोतरावांनी घातला तेव्हा त्यांचा थोरला मुलगा गिरिधर जन्मलाही नव्हता, आणि आता गिरिधरच्या मिशा पिकल्या तरी नेम जागचा हलला नव्हता. साबण असो, केसांचं तेल असो, नाहीतर गुरांची पेंड, ज्याची जाहिरात रंगवायची ते आधी घरात वापरायचं. मग एका रविवारी ती वस्तू पाटावर मांडून सगळ्यांनी भोवती बसायचं. लहानाने आधी बोलायचं, मारोतरावांनी सगळ्यांत शेवटी. पसंत पडलेली वस्तू घरात राहायची. नापसंत वस्तू मागच्या दाराने जायची आणि तिच्या मागोमाग कंपनीचा माणूसही. पेंडीच्या वेळी शेजाऱ्यांची म्हैस वापरासाठी मागून आणली होती. त्या दिवसांत त्या म्हशीचं जेवढं कौतुक झालं तेवढं आपलं बाळंतपणातही झालं नाही, असं मारोतरावांच्या पत्नी इंदुताई अजून सांगत.

आजच्या रविवारी पाटावर संत्र्याचं कलम होतं. काळ्या पिशवीतलं, गुडघाभर उंचीचं, आणि देठाला पिवळा बिल्ला बांधलेलं. बिल्ल्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता, भाजीवाल्याकडे पैसे देताना मोबाइल धरतात तसला.

आज वापरायचं होतं ते कलम नव्हतं, बिल्लाही नव्हता. बिल्ल्याच्या मागे जे काही होतं ते वापरायचं होतं, आणि ते काय आहे हे घरच्यांना समजावून सांगायचं काम गिरिधरकडे होतं. त्याला स्वतःला ते समजलेलं नव्हतं. नूपुरने, त्याच्या मुलीने, त्याला ते इतक्यांदा सांगितलं होतं की आता परत विचारायची लाज वाटत होती.

तसं पाहिलं तर विचारण्यात कमीपणा नव्हता. पण माणूस पन्नाशीला आला, भंडारा रोडवरच्या निम्म्या भिंतींवर त्याचं अक्षर दिसतं, आणि मग लेकीसमोर मान डोलावून ‘हो हो, कळलं’ म्हणावं लागतं, ते कोणाला गोड वाटतं? पारडीपासून मौद्यापर्यंतच्या भिंती एकेक करून गेल्या. काही रस्ता रुंद होताना गेल्या, काही पुलाखाली आल्या, आणि ज्या उरल्या त्यांच्याकडे पाहायला बसमधल्या कोणाची मान वर नव्हती. सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. कंपन्याही तिकडेच गेल्या. राहता राहिलं हटवारांचं नाव. आणि नूपुरच्या कंपनीला नेमकं तेच हवं होतं.

कंपनी म्हणजे कामठीचा प्रशिक आणि नूपुर धरून त्याचे चारदोन सोबती. संत्र्याचं कलम कोणत्या झाडाचा डोळा, म्हणजे अंकुर, घेऊन बांधलं, तो ज्यावर चढवला तो खालचा खुंट कोणता, कोणत्या नर्सरीतून निघालं, हे सगळं ते ब्लॉकचेनवर नोंदवणार होते. शेतकऱ्याने बिल्ल्यावर मोबाइल धरला की कलमाची कुंडली पुढ्यात. प्रशिकने गिरिधरला सरळ विचारलं होतं, “काका, आमचं मार्केटिंग तुम्ही सांभाळता का?” आणि गिरिधरने सोमवारी सांगतो म्हटलं होतं.

सोमवार उद्या होता. आणि वडिलांच्या होकाराशिवाय गिरिधरच्या होकाराला काही किंमत नव्हती. गावोगावचे भिंतवाले ब्रश टेकवू द्यायच्या आधी एकच विचारत, ‘म्हाताऱ्यानं वापरलं काय?’

“कर सुरू,” मारोतराव म्हणाले. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून ते बसले होते. वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं, पण दुकानाच्या पाटीवरचं वाकडं अक्षर अजून त्यांना लांबून बोचायचं.

गिरिधरने घसा खाकरला. “तर बाबा, ही एक साखळी आहे. एका नोंदीले दुसरी नोंद बांधली राहते. आणि ही साखळी एका जागी नाही राहत, खूप जागी राहते. म्हणून...” इथे त्याचं घोडं अडलं. त्याने नूपुरकडे पाहिलं. नूपुरने ओठांनी काहीतरी सांगितलं. “म्हणून ते विकेंद्रित आहे.”

“म्हणजे काय?” इंदुताईंनी विचारलं. त्या सांबारवडीसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या.

“म्हणजे एकाच्या हातात नाही, आई.”

“मंग कोनाच्या हातात आहे?”

“सगळ्यांच्या.”

“सगळ्यांच्या हातात म्हणजे कोनाच्याच नाही,” इंदुताई म्हणाल्या आणि जुडीतलं गवत बाजूला टाकलं. “आपल्या गल्लीतला नळ नाही काय तसा.”

गिरिधरचा धाकटा भाऊ अंकित खो खो हसला. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने कुठल्याशा कॉइनच्या नादी स्वतः लागून सासरच्या मंडळींनाही लावलं होतं, आणि ते चालवणारा माणूस एके दिवशी फोन बंद करून बसला तेव्हापासून सासुरवाडीला जेवायला गेलं की अंकितच्या ताटाकडे कोणी पाहत नसे. “दादा, हे तेच आहे ना गा? मले शिकवू नको. मी पाहून बसलो आहे.”

“ते नाही हे,” गिरिधर म्हणाला. एवढं एक वाक्य त्याचं पक्कं पाठ होतं, कारण प्रशिकने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपलं अर्धं मार्केटिंग म्हणजे ‘ते नाही हे’ एवढंच सांगणं आहे.

“मंग काय आहे हे?”

भिंतीवर सहा शब्द मावतात, धावत्या बसमधून वाचता येतील एवढे. गेले कित्येक दिवस गिरिधर ते सहा शब्द शोधत होता आणि हाती एकही लागत नव्हता. साबण म्हटलं की फेस येतो, चहा म्हटलं की तरतरी. साखळी म्हटलं की त्याला कुत्रा आठवत होता.

प्रशिक इतका वेळ दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसला होता. घरात पाहुणा म्हणून आला आणि आपणच पाटावर बसवले गेलो, असं त्याला वाटत असावं. तो म्हणाला, “आजोबा, सोपं सांगतो. एकदा लिहिलं की पुसता येत नाही. नर्सरीवाल्याले नाही, मले नाही, कोणालेच नाही. कलम लावल्यावर फळ यायले पाच वर्षं लागतात. तोवर दुकानदार विसरून जाते, पावती हरवते. आमची नोंद जागची हलत नाही.”

मारोतरावांनी मान हलवली. ही मान होकाराची की नुसतीच, हे ओळखायला घरात फक्त इंदुताईंना जमायचं. “समजलं न समजलं जाऊ दे,” ते म्हणाले. “वापरायचं कसं ते सांग. दात घासायचे, का अंगाले लावायचं?”

सगळे हसले. गिरिधरला हसू आलं नाही. वडिलांनी बोट बरोबर जिथे दुखत होतं तिथेच ठेवलं होतं. पुसलं न जाणारी गोष्ट वापरायची म्हणजे करायचं काय?

“आबा, मोबाइल धरून पाहा ना,” नूपुर म्हणाली. तिने बिल्ल्यावर मोबाइल धरला. पडद्यावर नर्सरीचं नाव आलं, काटोलकडचं गाव आलं, जंबेरी खुंट आला. खाली एक जागा रिकामी होती. “इथे साक्ष येते. ज्या झाडाचा डोळा घेतला ते झाड गावातल्या भरवशाच्या माणसानं जाऊन पाहायचं आणि तसं लिहायचं. ते काम बाबांचं राहील. मी आपल्या हटवार पब्लिसिटीच्या नावानं त्यांचं खातं उघडून ठेवलं आहे.”

“नुसतं वाचणं म्हणजे वापरणं झालं काय?” अंकित म्हणाला. “जाहिरात वाचली की साबण वापरला? दादा, तूच वापरून दाखव. तुझंच खातं आहे म्हणते.”

त्यात डिवचणंच जास्त होतं, पण गिरिधरला ती सुटकेची वाट वाटली. सकाळपासून तो बोलूनच हरत होता. हाताने करून दाखवायचं म्हटल्यावर त्याला हुरूप आला. भिंतीवरही तो असंच करायचा. आधी खडूने सगळं अक्षर काढायचं, मालकाला दाखवायचं, पसंत पडलं नाही तर ओल्या फडक्याने पुसायचं, आणि मग रंगाचा डबा उघडायचा. त्याने नूपुरच्या हातून मोबाइल घेतला. साक्षीच्या जागी बोट ठेवलं. वाक्य तयारच होतं: ‘हा मातृवृक्ष मी प्रत्यक्ष पाहिला आहे. — हटवार पब्लिसिटी, नागपूर.’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’.

“हे पाहा बाबा, असं,” म्हणत त्याने ‘होय’ दाबलं. मोबाइलने विचारलं, नक्की का? मोबाइल हल्ली सगळंच विचारतो, म्हणून त्याने परत ‘होय’ दाबलं. “आता इथे आपलं नाव येईल.”

नाव आलं. नावाच्या बाजूला हिरवी खूणही आली. वडिलांचं नाव असं चमचमताना त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि क्षणभर त्याला खरोखर बरं वाटलं.

“काका,” प्रशिक उठून उभा राहिला होता. “तुम्ही झाड पाहिलं कधी?”

“नाही ना. नमुना दाखवला.”

“नमुना नाही हा. हे खरं कलम आहे, आमचं पहिलं. हे चालू आहे.”

“मंग पुस,” मारोतराव म्हणाले.

नूपुरने मोबाइल हातात घेतला, पाहिला आणि परत पाटावर ठेवला. ते पुसता येत नाही, हे सबंध सकाळभरात गिरिधरला समजलेलं एकमेव वाक्य होतं, आणि ते त्याला आत्ता समजलं होतं.

“पोरी, तू याले सांगितलं नाही काय वं?” इंदुताई म्हणाल्या.

“आजी, मी वाक्य आधीच लिहून ठेवायला नको होतं,” नूपुर म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मला वाटलं बाबांना टाइप करताना त्रास होईल.”

“रडून काय होते?” अंकित पुढे सरकला. आणि गंमत अशी की इतका वेळ जो भावाला कोपऱ्यात घेत होता, तोच आता त्याच्या पाठीशी उभा राहिला. “दादा, ऐक. उद्या सकाळी गाडी काढ, काटोलले जा, झाड पाहून ये. झालं. पाहिलं म्हटलं होतं, पाहून झालं. मधल्या एका दिवसानं कोणाचं काय बिघडते? कोन पाहाले बसलं आहे?”

गिरिधरला ते पटलं. इतकं पटलं की त्याला अंकितला मिठी मारावीशी वाटली. त्याने प्रशिककडे पाहिलं.

प्रशिक नखं कुरतडत होता. “दुसरी नोंद टाकता येते,” तो हळू म्हणाला. “पहिली चुकली म्हणून. पण पहिली राहतेच. दोन्ही दिसतात.” मग म्हणाला, “आजोबा, खरं सांगू? आमचं हे पहिलंच कलम आहे. त्याच्यावरच जर दिसलं की साक्षीदारानं न पाहताच लिहिलं, तर लोक म्हणतील बाकीच्यांचं काय. अंकितकाका म्हणतात तसं करता येईल. झाड तर खरंच आहे तिथे. मी पाहिलं आहे.”

“प्रशिक!” नूपुर म्हणाली. “तूच म्हणतो ना, आपण त्या कॉइनवाल्यांपेक्षा वेगळे? मग फरक काय राहिला?”

“मी नाही म्हणत नाही आहे. मी फक्त...”

“तुम्ही पोट्टे भांडू नका,” अंकित म्हणाला. “आणि नूपुर, तू बापाच्या बाजूनं बोल जरा. नाव कोनाचं जाऊन राहिलं? आपलंच ना?”

“नाव आबांचं आहे,” नूपुर म्हणाली. “म्हणूनच बोलून राहिली.”

गिरिधर या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत राहिला. तासाभरापूर्वी अंकित विरुद्ध होता, तो आता सोबत होता. प्रशिक माल घेऊन आला होता आणि आता तोच माल झाकायला निघाला होता. त्याची पोरगी त्याच्या विरुद्ध बसली होती, आणि तिचंच बोलणं त्याला सगळ्यांत जवळचं वाटत होतं. डोकं नुसतं चक्रावून गेलं. त्याला आठवलं ते भलतंच. लाल दंतमंजन.

घरात ते महिनाभर वापरलं होतं तेव्हा चांगलं होतं. भिंती रंगवून झाल्या आणि पुढे कधीतरी कंपनीने आत काय मिसळलं कोण जाणे, मौद्याकडच्या बायका हिरड्या सोलल्या म्हणून सांगू लागल्या. मारोतरावांनी सायकलला रंगाचा डबा बांधला आणि एकेका भिंतीपाशी जाऊन थांबले. कंपनीचा माणूस म्हणाला, चुना मारून टाका, आम्ही माणसं देतो. यांनी चुना मारू दिला नाही. जाहिरात तशीच ठेवली आणि तिच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘हे आता घेऊ नका. आम्हीही सोडलं. — हटवार.’ इंदुताईंनी तेव्हा विचारलं होतं, पुसून का नाही टाकत? त्यावर ते म्हणाले होते, पुसलं तर ज्याच्या घरात डबी आहे त्याला कसं समजेल? त्यातली एक भिंत रस्ता रुंद होईपर्यंत उभी होती. येताजाता गिरिधर तिच्याकडे पाहायचा आणि त्याला नेहमी वाटायचं, बाबांनी स्वतःचाच कमीपणा किती मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

त्याने वडिलांकडे पाहिलं. मारोतराव कलमाकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. त्यांनी एक शब्द बोलावा, ओरडावं, शिव्या घालाव्या, निदान मान तरी हलवावी, असं गिरिधरला मनापासून वाटत होतं. ते काही करीनात. नेमच तसा होता. ते शेवटी बोलायचे.

“नूपुर, इकडे आण तो मोबाइल,” गिरिधर म्हणाला. “दुसरी नोंद कुठी टाकतात?”

“दादा, पागल झाला काय?” अंकितने त्याचा हात धरला. “उद्या कंपनीवालेही तुले ठेवणार नाहीत. घरचंही गेलं आणि बाहेरचंही.”

“प्रशिक, ठेवशील का नाही ठेवशील ते उद्या सांग,” गिरिधर म्हणाला. “आज मले लिहू दे.”

प्रशिकने मोबाइल घेतला, योग्य ती जागा काढली आणि गिरिधरच्या हातात दिला. या वेळी वाक्य तयार नव्हतं. गिरिधर एका बोटाने टाइप करत होता आणि बाकीचे सगळे वाकून पाहत होते. भिंतीवर झरझर पळणारा हात काचेवर अडखळत होता. एकदा त्याने सगळं खोडलं. परत लिहिलं. शेवटी नाव घालायची वेळ आली तेव्हा तो थांबला. पहिल्या नोंदीखाली ‘हटवार पब्लिसिटी’ होतं. ते मारोतरावांचं. चूक त्यांची नव्हती. त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, ‘नक्की का?’ हे नीट वाचलं, आणि मग ‘होय’ दाबलं.

“वाच वं नूपुर,” मारोतराव म्हणाले. “सगळं वाच, वरून.”

नूपुरने वाचलं. नर्सरीचं नाव वाचलं, खुंट वाचला. ‘हा मातृवृक्ष मी प्रत्यक्ष पाहिला आहे. हटवार पब्लिसिटी, नागपूर.’ मग तिने खालची नोंद वाचली. “‘वरची साक्ष झाड न पाहता दिली होती. ती धरू नये. झाड पाहून आल्यावर परत लिहीन. गिरिधर मारोतराव हटवार.’”

ऐकताना गिरिधरची कानशिलं गरम झाली. आपल्या वागण्याची लाज वाटत होती आणि मन हलकंही झालं होतं, आणि दोन्ही एकदम कसं होतं ते त्याला कळत नव्हतं.

“आता बोला एकेक,” मारोतराव म्हणाले. “नूपुर.”

“चांगलं आहे, आबा. पण बाबांसारखा माणूस मागे नसला तर वाईट आहे.”

“अंकित.”

“मले पटलं नाही.” मग तो पाटाकडे बघत म्हणाला, “पण आमच्या त्या कॉइनवाल्यानं असं एक वाक्य जरी लिहिलं असतं ना, तर मी आज सासरी मान वर करून जेवलो असतो.”

“गिरिधर.”

गिरिधरने खूप शोधलं. विकेंद्रित, साखळी, भरवसा, सगळे शब्द समोर येऊन उभे राहिले आणि एकही त्याला आपला वाटेना. “बाबा, मले अजून पुरतं समजलं नाही,” तो म्हणाला. “खरंच नाही समजलं.”

इंदुताईंचा नंबर होता. त्या म्हणाल्या, “माझं एकच म्हननं आहे. सांबार निवडून झाला, वड्या कधी तळू?” आणि सूप घेऊन आत गेल्या.

मग सगळे मारोतरावांकडे पाहायला लागले. ते भिंतीचा आधार घेऊन उठले, पाटापाशी गेले आणि वाकून कलमाची पिशवी दोन्ही हातांनी उचलली. प्रशिकने मदतीला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. ते निघाले तसा गिरिधरही उठून उभा राहिला, कारण पुढच्या अंगणाची आणि मागच्या दाराची वाट माजघरातून एकच होती आणि उंबऱ्यापाशी फुटत होती. उंबऱ्याशी मारोतराव थांबले. त्यांना दम लागला होता. मग ते पुढच्या अंगणाकडे वळले.

अंगणात, फाटकाजवळ, त्यांनी पिशवी जमिनीवर टेकवली.

“फावडं आन,” ते म्हणाले.

गिरिधर फावडं घेऊन आला, पण नुसताच उभा राहिला. “बाबा, म्हणजे हो म्हणून राहिले तुम्ही? मी तं चुकलो. आणि मले समजलंही नाही म्हटलं.”

“मले साबन तरी कुठी समजला होता?” मारोतराव म्हणाले. “वापरला होता. तू आज वापरलं.” त्यांनी बिल्ला बोटांत धरून उलटसुलट पाहिला. “पाच वर्षं लागते म्हने फळाले.”

“हो.”

“मी पाहीन का नाही, सांगता नाही येत. हे कलम बरोबर निघालं का नाही, हे तेव्हा कोनाले विचारतीन लोक?”

गिरिधरने बिल्ल्याकडे पाहिलं. “मले,” तो म्हणाला.

“मंग खंद,” मारोतराव म्हणाले. “आणि सकाळी लवकर निघू. मलेही पाहाचं आहे ते झाड.”